गरोदरपणातले वजन : बियाणे किती आणि रान किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केनवड येथे झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी दोन शब्द बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. मी शाळेत सातवीपर्यंत शिकले. भाषण करण्याची मला सवय नाही. तेव्हा विषय निवडताना मी असा निवडला, की ज्यात आपण सगळ्याच जाणत्या आहोत. तो विषय म्हणजे गरोदरपणात बाईचे वाढणारे किंवा न वाढणारे वजन. सिस्टरबाईंना मी विचारून विचारून भंडावले आणि पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या पुतणीने कागद वाचून मला समजावून सांगितले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

अंगणवाडीत वजनाच्या काट्यापाशी आपण उभ्या असलो की तीन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, "तिची मायच बारीक होती, तिचं वजन कुठून वाढीन?" दुसरे, "तिच्या माहेरच्या साऱ्या बाया अशाच अंगानं भरलेल्या, तिला काय धाड भरली?" आणि तिसरे, "जास्त खाऊ नको बाई, पोट मोठं झालं तं बाळंतपण जड जाईन." पहिली दोन वाक्ये रक्ताचा, घराण्याचा हवाला देतात. तिसरे भीती घालते. आणि तिन्हींचा शेवट एकच होतो, की करण्यासारखे काही नाही, आहे ते चालू द्यावे. हे खरे किती आणि खोटे किती, एवढेच आज पाहू.

प्रथम हे वजन असते कशाचे ते पाहू. चांगल्या पोसलेल्या बाईचे नऊ महिन्यांत साधारण बारा-साडेबारा किलो वजन वाढते. त्यात मूल असते तीन ते साडेतीन किलोचे. वार साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, गर्भजल आठशे ग्रॅम, वाढलेली पिशवी जवळजवळ एक किलो, स्तन चारशे ग्रॅम. बाईच्या अंगातले रक्त वाढते, ते सव्वा ते दीड किलो. अंगात पाणी धरते तेही दीड किलोच्या घरात. राहिली तीन-साडेतीन किलो चरबी. ती फुकटची नव्हे. बाळंतपणानंतर मुलाला दूध पाजायचे असते, त्याची ती बेगमी आहे. वाणीण जशी आगोटीच्या आधी घर भरून ठेवते, तसे शरीर साठवून ठेवते. म्हणजे पाहा, बारा किलोंत मूल पाव हिस्सा, बाकी पाऊण हिस्सा आईच्या तयारीचा. "खाल्ले की सारे मुलालाच लागते" हे त्यामुळे बरोबर नाही. आणि न खाल्ले तर आधी कमी पडते ते आईचे रक्त आणि आईची बेगमी.

आता घराण्याचा हवाला. आपल्या शरीराच्या कणाकणांत आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी अशी एक लिखापढी आलेली असते. शास्त्रज्ञ तिच्यातल्या एकेका कलमाला जनुक म्हणतात. नाकाचा शेंडा, केसांचा कुरळेपणा, उंची, भूक किती लागावी, पोट भरले हे मेंदूला केव्हा कळावे, चरबी कुठे साठावी, या साऱ्यांत जनुकांचा हात आहे. २००७ साली एफटीओ नावाच्या एका जनुकाचा वजनाशी असलेला संबंध प्रसिद्ध झाला. त्याचा एक प्रकार ज्यांना आई व बाप दोघांकडून मिळतो, त्यांचे वजन तो प्रकार मुळीच न मिळालेल्यांहून सरासरी तीन किलोंनी जास्त भरते. म्हणजे "आईवर गेली" हे आपल्या आज्या म्हणत ते काही वेड्यासारखे नव्हते.

मग गरोदरपणातल्या वजनाचे काय? स्वीडन देशात जुळ्या बहिणींच्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, त्याचा निष्कर्ष २०१५ साली छापून आला. काही जुळ्या अगदी एकसारख्या असतात, त्यांची सारी जनुके तीच. काही नुसत्या एका वेळच्या बहिणी असतात, त्यांची निम्मी जुळतात. दोन्ही तऱ्हांच्या जोड्यांची वजने ताडून पाहिली तर पहिल्या गरोदरपणात बायाबायांच्या वजनवाढीत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ४३ टक्के फरक जनुकांमुळे पडतो असे दिसले. दुसऱ्या गरोदरपणात तो २६ टक्क्यांवर आला. पुढे २०१८ साली युरोपीय वंशाच्या हजारो आयांची जनुके प्रत्यक्ष तपासली. तेव्हा आईच्या जनुकांच्या वाट्याला सुमारे पाचवा हिस्सा आला आणि पोटातल्या बाळाच्या जनुकांचा वाटा फारच थोडा निघाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर आपण पुन्हा त्याच तीन वाक्यांवर येऊ. ४३ टक्के याचा अर्थ बाईचे दहा किलो वाढले तर चार किलो जनुकांनी वाढवले, असा नाही. तो आकडा बाईबाईंतल्या फरकाचा आहे. आपण शेतकऱ्याच्या बाया. ही गोष्ट आपल्याला वावरातच समजेल.

सोयाबीनची एक थैली घ्या. अर्धी भारी काळ्या जमिनीत पेरा, अर्धी बरडावर पेरा. काळ्या जमिनीत एका तासातली झाडे पाहिली तर काही उंच, काही बुटकी. रान एक, खत एक, पाणी एक, मग हा फरक कशाचा? बियाण्याचा. बरडावरच्या तासातही असाच थोडा फरक दिसेल, तोही बियाण्याचाच. पण काळ्या जमिनीचे पीक कमरेला लागते आणि बरडाचे गुडघ्याला, हा जो मोठा फरक, तो बियाण्याचा मुळीच नाही. बियाणे तर एकाच थैलीतले! तो फरक रानाचा. स्वीडनच्या बायांचे रान सारखे आहे. पोटभर अन्न, दवाखाना, विश्रांती बहुतेकींना मिळते. म्हणून तेथे उरलेला फरक बियाण्याचा दिसतो. आपल्याकडे एकीच्या घरी दुधाची म्हैस आहे आणि एक सातव्या महिन्यात दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. दोघींच्या वजनातला फरक पाहून "घराणंच तसं" म्हणणे म्हणजे बरडावरचे पीक पाहून थैलीला दोष देणे होय.

जनावरांवर केलेला एक जुना प्रयोग तर ऐकण्याजोगा आहे. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या इंग्लंडमधील दोन शास्त्रज्ञांनी शायर नावाची थोराड घोड्यांची जात आणि शेटलंडची ठेंगणी तट्टे यांचा संकर केला. एकदा आई थोराड व बाप ठेंगणा, एकदा बाप थोराड व आई ठेंगणी. दोन्हीकडे शिंगरांना जनुकांचे मिश्रण सारखेच मिळाले. पण थोराड घोडीचे शिंगरू जन्मताना ठेंगणीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट भरले. म्हणजे जन्माच्या वेळी शिंगरू केवढे असावे हे आईच्या कुशीने ठरवले. ज्या बाया म्हणतात की चार घास जास्त खाल्ले तर मूल मावेनासे होईल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आईचे शरीर मुलाला आपल्या मापाने वाढवते. ज्यांची उंची फार कमी आहे, ज्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांच्या बाळंतपणाची काळजी डॉक्टरांनी घ्यायची असते. त्यावर उपास हा उपाय नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक बाया. त्यांची मुले जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन गावची मुले साडेतीन किलोंची. पण नवल पुढेच आहे. आपल्या मुलांचे स्नायू कमी, पोट बारीक, हात बारीक, मात्र कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे! अशा मुलांना पुढे साखरेचा रोग होण्याचा धोका जास्त, असे डॉक्टर सांगतात. २००४ साली स्वतः डॉ. याज्ञिकांनी आपले आणि इंग्लंडातील डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून नुसते "ती बारीक आहे, तिला काय होणार" असेही म्हणता येत नाही.

त्या सहा खेड्यांत आणखी काय दिसले? ज्या बाया गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत, त्यांची मुले जन्मताना मोठी भरली. नुसते पोटभर किती खाल्ले यापेक्षा पानात काय होते याचा संबंध जास्त होता. आणि ज्या बाया शेतात व घरात फार जड कामे करत, त्यांची मुले लहान भरली. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, दही, ताक, अंडी, मांस यांतूनच मिळते, भाजीपाल्यातून मिळत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही २००६ ते २०१२ या काळात असाच एक मोठा प्रयोग झाला. काही बायांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळ व दूध यांचा खाऊ दिला, तर काहींना कमी पोषणाचा दिला. सगळ्या मिळून पाहता मुलांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केली होती, त्यांची मुले सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. त्यातही अगदी बारीक आयांच्या मुलांना हा फायदा झाला नाही. मात्र गरोदरपणातली साखर, जी दुसऱ्या गटात शंभरात बाराजणींना झाली, ती चांगला खाऊ घेणाऱ्यांत सातजणींनाच झाली. यावरून मी एवढे समजते, की चाळीस किलोच्या पोरीला सातव्या महिन्यात डोहाळे जेवण घालून भागत नाही. तिच्या अंगाची बेगमी ती फ्रॉकमध्ये असतानाच सुरू व्हायला हवी होती.

आणि एक गोष्ट. हॉलंड देशात १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे दुष्काळ पडला. त्या दिवसांत ज्यांचा गर्भ राहिला, त्या माणसांचे रक्त साठ वर्षांनी तपासले, ते २००८ साली प्रसिद्ध झाले. वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या निघाल्या. जनुक तेच, त्याच्यावरची खूण वेगळी. म्हणजे आईच्या पानातली उपासमार लेकराच्या लिखापढीवर साठ वर्षे टिकते. घराणे म्हणजे नुसते रक्त नव्हे. चार पिढ्यांच्या बायांनी काय खाल्ले तेही घराणेच आहे.

भगिनींनो, हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणूनही मी तो घेतला. माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. तिची उंची १५० सेंटिमीटर. तिसऱ्या महिन्यात कार्डावर वजन लिहिले गेले ३९ किलो. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा एक हिशेब आहे : किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. तिचा आकडा आला १७.३. साडेअठराच्या खाली असला की बाई कमी वजनाची. सासरी सगळे म्हणाले, मायवर गेली. मीही अंगाने बारीकच आहे, तेव्हा म्हणणे अगदी खोटे नाही. पण ती माझी लेक आहे म्हणून ती ३९ किलोंची आहे, की सगळ्यांच्या मागून जेवते म्हणून, हे ठरवायचे कसे? बियाणे मला बदलता येत नाही. रान माझ्या हातात आहे. ती आली त्या दिवसापासून तिचे ताट आधी वाढले जाते. सकाळी दूध, भाकरीबरोबर वरण, रोज एक पालेभाजी, दुपारी फुटाणे किंवा शेंगदाण्याचा लाडू, एक अंडे, आणि लोहाची गोळी रोज. दुपारी तासभर ती आडवी होते. पाचव्यात ४१, सातव्यात ४४ आणि आता नववा लागताना ४७ किलो. तिचे बाळंतपण अजून व्हायचे आहे. पुढे काय होईल ते देवाच्या हाती. पण काट्याने आपले उत्तर दिले आहे.

किती वजन वाढावे याचे माप सगळ्यांना एक नाही. २००९ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी ठरवले, की बाई मुळात कमी वजनाची असेल तर साडेबारा ते अठरा किलो, बेताची असेल तर साडेअकरा ते सोळा, जास्त वजनाची असेल तर सात ते साडेअकरा आणि फारच जास्त असेल तर पाच ते नऊ. आपल्याकडे साधारण दहा ते बारा किलो वाढावे असे सांगतात. स्वतःचे माप सिस्टरबाईंकडून कार्डावर लिहून घ्यावे.

अंगाने भरलेल्या भगिनींविषयीही बोलले पाहिजे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायांत सुमारे एकवीस कमी वजनाच्या आणि तेवीस जास्त वजनाच्या आढळल्या. म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही दुःखे नांदतात. ज्यांना जनुकांनी भूक जास्त दिली, त्यांची थट्टा करून भूक कमी होत नाही. त्यांनी "दोन जिवांचे खा" म्हणून साखर, तेलकट वाढवू नये, आणि उपाशीही राहू नये. रोज चालावे. ज्यांच्या आईबापांना साखर आहे, त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगावे. ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात, अशी दोनदा करून घ्यावी. येथे घराण्याची माहिती खरोखर उपयोगी पडते. घराणे आपल्याला आधीच सावध करते, हाच त्याचा उपयोग. आणि एकाएकी एका आठवड्यात किलोभर वजन चढले, तोंडावर सूज आली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते अंग भरणे नव्हे. तो रक्तदाबाचा विकार असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या भागात खायला काय नाही? तुरीचे वरण आहे, हरभरा आहे, शेवग्याचा पाला कुंपणाला आहे, अंबाडी, चिवळ, घोळ, तांदुळजा वावरात उगवतात. सोयाबीन तर आपण गाड्या भरभरून विकतो. कमी पडते ते धान्य नव्हे, कमी पडते ती बाईच्या ताटाची पाळी. ती शेवटी बसते आणि तिच्यापर्यंत भाजी पोहोचत नाही.

काही वडीलधाऱ्या बाया म्हणतील, "आम्ही सोयाबीन सोंगता सोंगता बाळंत झालो, आम्हाला काय झालं?" सासूबाई, आपण वाचलात हे आमचे भाग्य. पण आपल्याबरोबरच्या किती वाचल्या नाहीत आणि किती लेकरे दगावली, ते आपल्याइतके कोणाला माहीत आहे? आपण सोसले ते सुनेनेही सोसावे असा त्याचा अर्थ आपण करणार नाही, अशी मला खात्री आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवते. पहिली, गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचे वजन दर महिन्याला काट्यावर घेतले जाते की नाही, हे मंडळाच्या एकेका सभासद बाईने आपापल्या गल्लीत पाहावे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिला सोबत जावे. दुसरी, ज्या घरात गरोदर बाई आहे, तेथे तिचे ताट आधी वाढावे, आणि जड ओझे व निंदण तिच्या वाट्याला येऊ नये. हे सासूने ठरवले तर एका दिवसात होते. तिसरी, शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलींची वजने वर्षातून दोनदा घ्यावीत आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नये. उद्याची आई आजच्या पोरीतच वाढते.

बियाणे आईबापांनी दिले. त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये, आणि त्याच्या नावावर हात झाडून मोकळेही होऊ नये. रान कसणे आपल्याकडे आहे, आणि ते काम आपल्याला चांगले येते.